विद्यार्थ्यांनीं गळ टाकावा काय?

गतवर्षीं श्रावण महिन्यांत आठव्या इयत्तेचा इतिहासाचा तास चालू असतां शेवटच्या बांकावरील एका मुलाची कंपासपेटी खालीं पडून उघडली आणि तिच्यांतून एक गांडूळ बाहेर आलें. वर्गांत जो हशा पिकला तो शमविण्यास मला पांच मिनिटें लागलीं. पेटींत कर्कटक नव्हतें, कोनमापक नव्हता. तंगुसाची एक गुंडाळी, शिशाचे दोन मणी, कागदांत गुंडाळलेले चार आंकडे आणि ओली माती भरलेली एक काड्यापेटी एवढाच ऐवज होता. शिरस्त्याप्रमाणें मीं तो सर्व जप्त केला. तास सुटल्यावर तो मुलगा माझ्या मागोमाग आला व अदबीनें म्हणाला, "सर, वर्गांत आणलें ही माझी चूक झाली. पण नदीवर जाऊन मासे धरण्यांत वाईट काय आहे, तें सांगा." "उद्यां सांगतों," असें मीं उत्तर दिलें. तो उद्यां अद्याप उगवलेला नाहीं. कारण विचार करूं लागलों तेव्हां सांगण्यासारखें माझ्यापाशीं कांहींच नाहीं असें मला आढळून आलें.

त्याच सुमारास पालकांच्या सभेंत, विद्यार्थ्यांनीं नदीवर जाऊंच नये असा नियम शाळेनें करावा, अशी सूचना आली. तिला कारणहि तसेंच होतें. दोन वर्षांपूर्वीं शेजारच्या गांवचा एक मुलगा, वाळू उपसून केलेल्या खड्ड्यांत बुडून मरण पावला. तो गळ टाकावयास गेला नव्हता; नुसते पाय धुवावयास उतरला होता. वरून गुडघाभर दिसणारें पाणी एका पावलावर दोन पुरुष खोल होतें. त्याची आई त्या सभेस आली नव्हती. परंतु ती तेथें बसली आहे असें समजूनच आम्ही सर्व जण बोलत होतों. सूचनेच्या बाजूनें जे हात वर झाले त्यांत माझाहि एक होता. नियम अद्याप झालेला नाहीं, विचाराधीन आहे; म्हणूनच हा लेख लिहीत आहें. मीं वर केलेला हात आज मला खालीं घ्यावयाचा आहे.

आमचें गांव प्रवरेच्या कांठचें. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, तेव्हांपासून ह्या नदीचें पाणी नुसत्या पावसाच्या मर्जीनें नव्हे, तर पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकानें चढतें व उतरतें. आवर्तन सुटलें म्हणजे जें पात्र सकाळीं कोरडें दिसतें तेंच सायंकाळीं ओलांडतां येत नाहीं. ही गोष्ट भोयाच्या लहानशा पोरास ठाऊक असते. आमच्या दहावींतील पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यास ती ठाऊक नसते. प्रवरा कोणत्या नदीस कोठें मिळते असें मीं एकदां वर्गांत विचारलें, तेव्हां "गोदावरीस, प्रवरासंगम येथें" असें उत्तर चोहोंकडून आलें. मग ह्या नदींत मासे कोणते, असें विचारतां वर्ग स्तब्ध झाला. शेवटीं एक मुलगी म्हणाली, "पापलेट." पापलेट हा समुद्रांतला मासा, तो आमच्या बाजारांत बर्फांत बसून येतो. ज्या नदीचें पाणी आपण जन्मापासून पितों तिच्याविषयीं मुलांचें ज्ञान असें बर्फांत बसून आलेलें असावें, ह्याची मला लाज वाटली. आणि ती लाज मुलांपेक्षां शिक्षकांनीं अधिक वाहिली पाहिजे.

मुलास पाण्यापासून दूर ठेविलें म्हणजे तो पाण्यापासून सुरक्षित झाला, ही समजूत प्रामाणिक असली तरी खोटी आहे. मुलें नदीवर जाणारच. प्रश्न इतकाच कीं तीं चोरून, घाईनें व अजाणतेपणीं जातील, कीं कोणी जाणता मनुष्य बरोबर घेऊन जातील. आणि नदीच्या कांठीं दोन तास एका जागीं बसून, पाण्याकडे टक लावून पहावयास लावणारी जी एक विद्या मला ठाऊक आहे ती गळाची. पोहणारा पाण्यांत शिरतो, गळकरी पाण्याचा अभ्यास करितो.

मला गळ टाकावयास एका भोई वृद्धानें शिकविलें. आम्ही मुलें त्यांस आबा म्हणत असूं. मी तेव्हां दहा वर्षांचा होतों. पहिले आठ दिवस त्यांनीं माझ्या हातीं काठी दिलीच नाहीं. कांठावर बसवून नुसतें पहावयास लाविलें. खंड्या कोणत्या फांदीवर वारंवार येऊन बसतो, वाहतें पाणी व संथ पाणी ह्यांची शीव कोठें आहे, जांभळीची सावली सकाळीं कोठें पडते, बुडबुडे एकाच जागीं येतात कीं सरकत जातात, हें सर्व सांगावयाचें. मीं कांहींतरी सांगितलें कीं आबा "हूं" म्हणत. नवव्या दिवशीं त्यांनीं मला कांठावरून दोन हात मागें ओढलें व म्हटलें, "मासा तुला दिसायच्या आधीं तूं त्याला दिसतोस, आणि दिसायच्या आधीं ऐकूं येतोस." पुढें कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकतांना माशाच्या अंगावर दोहों बाजूंस एक रेषा असते व पाण्यांतील सूक्ष्म हालचाल तिच्या योगें त्यास कळते, असें वाचलें, तेव्हां मला प्रथम आबांची आठवण झाली. कांठावर पाय आपटीत येणारा मनुष्य गळ टाकण्यापूर्वींच हरलेला असतो.

नवशिक्यास साधनें फार थोडीं लागतात, हें मी मुद्दाम सांगतों. कारण हल्लीं मोबाइलवरील चित्रफिती पाहून मुलें आधीं रिळाच्या परदेशी काठ्यांच्या किमती विचारूं लागतात. आठ-दहा फुटांचा सरळ वेळू पुरे. त्याच्या शेंड्यास साधारण काठीएवढ्याच लांबीचें तंगूस बांधावें, म्हणजे मासा लागल्यावर तो आपोआप हाताशीं येतो. आंकडा दहा नंबरचा घ्यावा. येथें नंबर वाढतो तसा आंकडा लहान होतो, हें दुकानांत गेल्यावर ध्यानांत ठेवावें. माझ्या एका सहकाऱ्यानें मोठ्या हौसेनें एक नंबरचा आंकडा आणिला होता, त्यास महिनाभर कांहीं लागलें नाहीं. आंकड्यापासून वितीवर शिशाचा मणी आणि वर तरंगती खूण म्हणून वाळलेल्या ज्वारीच्या ताटांतील भेंडाचा तुकडा. मोराच्या पिसाचा देठ मिळाल्यास त्याहून उत्तम, कारण तो उभा तरंगतो व माशानें नुसतें हुंगलें तरी मान हलवितो.

गांठ मात्र शिकून घ्यावी. साधी गांठ ओल्या तंगुसावरून निसटते. तंगूस आंकड्याच्या नेढ्यांतून ओवून स्वतःभोंवतीं पांच पीळ द्यावे, टोंक नेढ्याजवळच्या फांसांतून परत घालावें आणि आवळण्यापूर्वीं गांठ ओली करावी. कोरडी गांठ आवळतांना घासून तापते व तेथेंच तंगूस दुबळें होतें. ज्यांचे मोठे मासे तुटून गेले असें ते सांगतात, त्यांपैकीं पुष्कळांच्या गांठी कोरड्या असतात.

आमिषाविषयीं लोक मोठे गूढपणें बोलतात. मला त्यांत गूढ कांहीं दिसत नाहीं. पाणंदीच्या ओल्या कडेचें गांडूळ, नाहीं तर शेंगदाण्याच्या पेंडींत मळलेली कणीक. आंकड्यावर हरभऱ्याएवढा गोळा पुरतो. प्रथम आंकड्याऐवजीं दगडाचा खडा बांधून पाण्याची खोली मोजावी आणि भेंड असें सरकवावें कीं आमिष तळाच्या वितभर वर राहील. तळावर टेकलेलें आमिष बहुधा खेंकडाच खातो. वेळ सूर्योदयाची किंवा दिवस मावळतांनाची. वैशाखांतील दुपारीं पाणी तापलें म्हणजे त्यांतील प्राणवायु कमी होतो, मासे सुस्त होतात, आणि गळकऱ्याच्या डोक्यास मात्र ऊन लागतें.

नवशिक्याचा मासा म्हणजे चिलापी. हिचें खरें नांव तिलापिया. ही मूळची आफ्रिकेची, १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणिली गेली आणि आज असें तळें क्वचित् असेल जेथें ती नाहीं. मादी अंडीं व पिल्लें तोंडांत बाळगते, त्यामुळें तिची संतति सहज वाढते व देशी माशांचें अन्न व जागा खाऊन टाकते. म्हणून मुलानें दहा चिलाप्या धरून घरीं नेल्या तर नदीचें नुकसान न होतां झाला तर उपकारच होतो. ती आमिषास टोंचा मारीत बसते. भेंड नाचतें पण बुडत नाहीं. तें तिरपें होऊन सरकूं लागेल तेव्हां मनगटाच्या हिसक्यानें काठी उचलावी, खांद्याच्या नव्हे. शिंगटी लागल्यास मात्र सावध असावें. तिच्या पाठीवर व दोन्ही कल्ल्यांमागें कांटे असतात आणि ते टोंचले म्हणजे हात तासभर ठणकतो. मोठे आमिष घेणारी आणि हिसका देऊन काठीच ओढणारी ती मरळ. तिच्याविषयीं मला एक जुनी गोष्ट सांगावयाची आहे.

मी बारा वर्षांचा होतों. पावसाळ्याचा आरंभ होता. नदीच्या एका डबक्यासारख्या थोपलेल्या फांट्यांत पाण्यावर शेंदूर सांडावा तसा एक तांबूस ढग हलतांना मला दिसला. तीं मरळीचीं पिल्लें होतीं. शेंकडों, प्रत्येक काडीएवढें. मरळ वरचेवर पृष्ठभागावर येऊन हवा घेते, तशीं तींहि एकदम वर येत व एकदम खालीं जात. त्यांच्या खालीं आईबाप पहारा करीत असतात, आणि त्या ढगांत जें शिरेल त्यावर ते तुटून पडतात, हें मला ठाऊक होतें. मीं आंकड्याला एक बेडकी लावून ती नेमकी त्या ढगांत सोडली. भूक नसतांहि मासा गळास लागला. दोन किलोंची मरळ खांद्यावर टाकून मी सबंध गांवांतून मिरवीत आबांच्या झोंपडीपुढें गेलों. त्यांनीं विचारलें, "कुठं धरलीस?" मीं सांगितलें. ते कांहीं न बोलतां उठले, माझा हात धरून मला परत त्या फांट्यावर घेऊन आले व बसविलें. सायंकाळपर्यंत आम्ही तेथें होतों. दुसरी मरळ एकदां दिसली, मग दिसेनाशी झाली. तांबूस ढग प्रथम लांबट झाला, मग त्याचे तुकडे झाले. बारीक मासे कडेनें येऊन एक-एक पिल्लूं उचलूं लागले. दोन ढोकरी आल्या. दिवस मावळतां मावळतां त्या पाण्यावर तांबडें असें कांहीं उरलें नाहीं. त्यानंतर आठ दिवस आबांनीं माझ्याशीं भाषण केलें नाहीं. ती मरळ घरीं शिजली; मला ती खाववली नाहीं असें म्हटलें तर खोटें होईल. मीं ती खाल्ली. परंतु माझ्या आयुष्यांत मला झालेल्या सर्व शिक्षांत तीच काय ती उपयोगी पडली.

आतां क्रौर्याचा आक्षेप. तो मी हलका मानीत नाहीं. माशास वेदना होत नाहींत असें पूर्वीं खुशाल म्हणत. परंतु २००३ सालीं स्कॉटलंडांतील संशोधकांनीं ट्राउट माशाच्या तोंडाभोंवतीं इजा ओळखणारे ज्ञानतंतु असल्याचें दाखवून दिलें, आणि तेव्हांपासून हा वाद विद्वानांत चालूच आहे. शिक्षकानें अशा वादांत अधिक सौम्य बाजू घ्यावी, असें मला वाटतें. माशास दुखतें असें धरूनच वागावें. म्हणून आंकड्याचा उलटा कांटा पकडीनें दाबून टाकावा; तो मग सहज निघतो. मासा सोडून द्यावयाचा असल्यास हात ओले केल्याशिवाय त्यास शिवूं नये. कोरड्या हातानें त्याच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघून जातें व रोग शिरतो. खावयाचा असल्यास त्यास वाळूवर तडफडत ठेवूं नये. डोळ्यांच्या मागें काठीचा एक नेमका टोला द्यावा व त्याचें दुःख संपवावें. छायाचित्र काढण्यासाठीं त्यास पाण्याबाहेर दोन-दोन मिनिटें उंच धरून हंसत उभें राहण्याची जी चाल पडली आहे, ती मात्र मला किळसवाणी वाटते. बाजारांतून मासे आणून खाणाऱ्यानें गळकऱ्यास निर्दय म्हणावें, हेंहि तितकेंच विचित्र आहे. ज्यांच्या घरीं मत्स्याहार वर्ज्य आहे अशा मुलांस गळ धरावयास कोणी लावूं नये. त्यांनीं आमच्याबरोबर यावें व काय दिसलें त्याची वही ठेवावी. आबांपाशीं माझे पहिले आठ दिवस असेच गेले.

खरें क्रौर्य नदीवर दुसरेंच चाललें आहे, आणि त्याविरुद्ध पालकांच्या सभेंत एकहि सूचना आली नाहीं. कोणी डोहांत जिलेटिनची कांडी फोडतो, कोणी ब्लीचिंग पावडर ओततो, कोणी विजेची तार सोडतो. मग खाण्याजोगे दहा मासे वर येतात व पिल्लें, अंडीं, खेंकडे, शंख सारे तळाशीं मरून राहतात. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणें हा १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरलेला आहे. म्हणजे हें पाप सव्वाशें वर्षें बेकायदेशीर आहे व तरीहि चालू आहे. गळ टाकणारा मुलगा डोहावर रोज बसलेला असेल, तर असें कांहीं तेथें होणें कठीण. रिकाम्या नदीवर काय वाटेल तें चालतें.

दुसरा आक्षेप उघड कोणी बोलत नाहीं, पण माझ्या कानीं येतो. "हे भोयाकोळ्यांचे धंदे, आपल्या मुलांनीं शिकून हें करावयाचें काय?" असें म्हणणाऱ्यांस मी एका पुस्तकी गोष्टीचें स्मरण देतों. कंपनी सरकारच्या नोकरींत असलेला कर्नल साइक्स नांवाचा अधिकारी दक्षिणेंत फिरत असतां त्यानें येथील नद्यांतील मासे गोळा केले व त्यांचें वर्णन १८३९ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र सभेनें प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं कित्येकांस लॅटिन नांवें देतांना त्यानें मराठी शब्दच उचलले. पुण्याच्या मुळा-मुठेंतील महाशीर माशास आज जगभरचे शास्त्रज्ञ टॉर खुद्री म्हणतात, त्यांतील खुद्री हा शब्द आपल्या नदीकांठचा आहे. कोळस, फुलंगी, शिंगटी हींहि नांवें तशींच शास्त्राच्या पोथींत गेलीं. ज्यांच्या तोंडून साहेबानें तीं ऐकलीं ते भोई व कोळी मात्र अनामिक राहिले. त्यांची विद्या लंडनास चालली. आमच्या शाळेस ती हलकी वाटते! लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावावर टाटांच्या केंद्रांत गेल्या शतकाच्या सत्तरीपासून ह्याच महाशिराचीं पिल्लें वाढवून देशांतील नद्यांत व तलावांत सोडण्यासाठीं दिलीं जात आहेत. कारण मूळच्या नद्यांतून तो नाहींसा होत चालला. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीस वरदायिनी देवीचे म्हणून ग्रामस्थ त्यास कोणास धरूं देत नाहींत, म्हणून तेथें तो अद्याप कांठाजवळ येऊन मुरमुरे खातो. अशा जागीं गळ टाकूं नये, हें कोणत्याहि धर्माच्या मुलास सांगावें लागूं नये.

विचारल्याशिवाय टाकूं नये अशा आणखीहि जागा आहेत. तळीं व धरणें बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्यानें असतात. त्यांनीं पैसे घालून रोहू, कटला, मृगळ ह्यांचें बीज सोडलेलें असतें. तेथें न विचारतां धरलेला मासा हा दुसऱ्याच्या शेतांतील कणीस होय. संस्थेच्या माणसाकडे जाऊन नम्रपणें विचारल्यास एका मुलाच्या एका काठीस बहुधा कोणी नाहीं म्हणत नाहीं. मला तरी कोणी म्हटलेलें नाहीं. ज्येष्ठ-आषाढांत मासे अंडीं घालण्यासाठीं नव्या पाण्याबरोबर वर चढतात. कोंकणांत ह्या चढणीच्या माशांवर गांवेंच्या गांवें तुटून पडतात व मोठी मौज करितात. ती मौज मला समजते. परंतु पोटांत हजारों अंडीं असलेला मासा धरणें म्हणजे पुढील वर्षाचा मासा आज खाणें होय. त्या दोन महिन्यांत आमची काठी आढ्याला टांगलेली असावी.

तेव्हां पालकांच्या सूचनेस माझी उपसूचना अशी आहे. नदीवर जाऊं नये असा नियम करूं नका. एकट्यानें जाऊं नये असा करा. ज्यास पन्नास मीटर पोहतां येत नाहीं त्यानें गळ धरूं नये, आणि त्यास पोहावयास शिकविणें हें शाळेनें आपलें काम समजावें. निघण्यापूर्वीं आवर्तन केव्हां सुटणार आहे तें विचारून फळ्यावर लिहावें. वाळू उपसलेल्या पात्राकडे जाऊं नये. बसावयाची जागा आधीं भोई वस्तींतील कोणा जाणत्यास दाखवून घ्यावी. त्या वस्तींतील दोन मुलें आमच्याच शाळेंत आहेत, आणि ह्या एका विषयांत तीं माझ्या वर्गांतील सर्वांचे गुरु होऊं शकतील. वाळूच्या खड्ड्यांविषयीं तहसीलदार कचेरीकडे शाळेनें लेखी अर्ज करावा, हीहि माझी सूचना आहे. मुलांस नदी बंद करण्यापेक्षां खड्डे बुजविणें अधिक कठीण आहे हें मी जाणतों.

ती कंपासपेटी अजून माझ्या मेजाच्या खणांत आहे. गांडुळांची माती मीं त्याच दिवशीं बागेंत टाकिली. आंकड्यांस गंज चढला होता, म्हणून परवां बाजारांतून दहा नंबरचे चार नवे आणून तिच्यांत ठेविले. दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्या शनिवारीं, मुख्याध्यापकांची परवानगी मिळाल्यास, सकाळीं साडेसहा वाजतां मी जुन्या घाटाच्या वरच्या पायरीवर असेन. पेटी त्या मुलास तेथें परत मिळेल. वडिलांचें पत्र आणि गांडुळें त्यानें आणावयाचीं आहेत.